शिंदळ माकुडीची शेंग

तुर्कस्तान-इराणच्या डोंगरांतला रानटी आयरिस डोंबिवलीत जगत नाही. त्याला हिवाळ्यात कडाक्याची थंडी हवी, उन्हाळ्यात कोरडीठाक विश्रांती हवी. आणि आपल्याकडे जून लागला की भिंतींनासुद्धा बुरशी धरते. तरीही या फुलांवरचं मिळेल ते वाचण्याचा नाद मला फार जुना आहे. ओढ फुलांपेक्षा ती पाळणाऱ्या माणसांची. सर मायकेल फॉस्टर हा केंब्रिजचा शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक. पूर्वेकडच्या मिशनऱ्यांकडून तो कंद मागवायचा, घरच्या बागेत वाढवायचा आणि स्वतःच्या हाताने परागण करून नोंदी ठेवायचा. 1907 मध्ये तो गेला. त्याच्या नोंदी डाइक्स नावाच्या शाळामास्तराच्या हाती आल्या आणि 1913 मध्ये डाइक्सचा आयरिसवरचा जाडजूड ग्रंथ निघाला. यातल्या काही आयरिसांच्या फुलात एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांचे नर रात्री मुक्कामाला येतात आणि जाताना पराग नेतात. त्या माश्या इंग्लंडच्या बागेत कुठून येणार? तिथे माणसालाच माशी व्हावं लागतं.

आपल्या मुलखात असं घरी पाळण्याजोगं, दुर्मिळ आणि परागणासाठी माणसाची परीक्षा घेणारं काय आहे, हे शोधताना मी फार लांब गेलो नाही. कल्याणहून मुरबाड, तिथून माळशेज किंवा जुना नाणेघाट चढला की जुन्नर. त्या कड्यांवर एक मांसल खोडाची, बुटकी, ओळंबून वाढणारी वनस्पती आहे. मराठीत तिला शिंदळ माकुडी म्हणतात, शास्त्रात फ्रेरिया इंडिका. पावसाळ्यात तिला पानं असतात, पाऊस संपत आला की इंच-पाऊण इंचाची लालजांभळी, पिवळे डाग असलेली, चांदणीसारखी फुलं येतात, आणि पुढे कोरड्या दिवसांत पानं गळून नुसती हिरवी खोडं उरतात. तिच्या गोतातल्या, म्हणजे माकडशिंगीसारख्या, बाकी वनस्पतींना नावापुरतीच पानं असतात. या एकटीलाच खरीखुरी पानं का, याचं जगभरच्या अभ्यासकांना कुतूहल. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने जगातल्या अत्यंत संकटग्रस्त अशा बारा वनस्पतींची यादी केली, तीतही ती होती.

शिवनेरी हे तिचं एक ठिकाण. तिथे सर्वांत मोठी गर्दी होते शिवजयंतीला, 19 फेब्रुवारीला, आणि तेव्हा तिच्या अंगावर ना धड पान असतं ना फूल. कासच्या पठाराला वेळापत्रक आहे, तिकीट आहे, वाहनतळ आहे. शिवनेरीच्या कड्यावरच्या या वनस्पतीसमोरून हजारो माणसं जातात आणि कोणाची मान वळत नाही. माझ्या मते हे तिच्या पथ्यावरच पडलं आहे.

पण मला जास्त गुंतवलं ते तिच्या नावाने. त्यासाठी आधी जुन्नरजवळच्या हिवऱ्याला जावं लागतं. इंग्रजी कागदांत ते हेवरा. अलेक्झांडर गिब्सन हा कंपनीचा डॉक्टर 1838 पासून पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचा प्रमुख होता, पुढे 1847 मध्ये मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. दापोडीची एक शाखा हिवऱ्याला होती. लष्कराच्या दवाखान्यांसाठी तिथे औषधी वनस्पती लावत. म्हणजे वनस्पतींसाठीच पगार घेणारा माणूस वर्षानुवर्षं याच टेकड्यांच्या पायथ्याशी ये-जा करत होता. 1861 मध्ये त्याने आणि निकोल अलेक्झांडर डॅलझेलने मिळून मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ काढला. त्यात फ्रेरिया असणं शक्यच नव्हतं, कारण डॅलझेलने तिचं वर्णन लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापलं ते 1865 मध्ये, एकट्याच्या नावावर. आणि तिचं ठिकाण काय दिलं? जुन्नरजवळच्या हेवऱ्याच्या टेकड्या!

गिब्सनच्या नजरेतून ती सुटली, यात मला त्याची चूक दिसत नाही. तो औषधं आणि सागवान बघत होता. डॅलझेल एडिंबराचा. तो मुंबईला आला 1841 मध्ये, नोकरी करू लागला जकात खात्यात आणि गिब्सननंतर वनसंरक्षक झाला. जकातीतल्या माणसाची नजर बारीक असते, एवढंच म्हणू या.

आता नाव. डॅलझेलने आपली नवी प्रजाती वाहिली सर बार्टल फ्रेअरला. हा 1862 ते 1867 मुंबईचा गव्हर्नर, डॅलझेलचा वरचा साहेब. मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली गेली ती याच्याच काळात. पुढे दक्षिण आफ्रिकेत जाऊन त्याने 1879 चं झुलू युद्ध ओढवून घेतलं आणि नंतर त्याला परत बोलावलं गेलं. किल्ल्यांच्या कड्यांवर जीव धरून राहणाऱ्या वनस्पतीला तट पाडणाऱ्याचं नाव! गिब्सनच्याच काळात, 1847 ते 1850 च्या दरम्यान, दापोडीत एका चित्रकाराकडून वनस्पतींची चित्रं काढून घेतली गेली. ती आज एडिंबराच्या उद्यानात आहेत आणि हेन्री नोल्टी यांनी 2002 मध्ये त्यांवर सुंदर ग्रंथ केला आहे. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढं कळतं. त्याचं नाव कोणीच लिहून ठेवलं नाही. साहेबाला अख्खी प्रजाती आणि रोज पानाफुलांसमोर बसणाऱ्याला साधी सहीसुद्धा नाही. हा हिशेब मला अजून पटलेला नाही.

काळाने साहेबाचाही हिशेब थोडा केला. 1958 मध्ये गॉर्डन राउली या ब्रिटिश अभ्यासकाने तिला कॅरालुमा या प्रजातीत घातलं. तिथे ‘इंडिका’ हे नाव आधीच दुसरीने घेतलेलं, म्हणून ही झाली कॅरालुमा फ्रेरेई. 2002 मध्ये मेवे आणि लीडे यांनी तिला बौसेरोसियात हलवलं. 2017 मध्ये ब्रुइन्स आणि सहकाऱ्यांनी तर या सगळ्या गोतावळ्यालाच सेरोपेजियात, म्हणजे आपल्या कंदीलपुष्पांच्या प्रजातीत ढकललं. जनुकांचा पुरावा त्यांच्या बाजूने आहे, हे मान्य. पण सातशेहून जास्त जाती एका नावाखाली कोंबल्या, तर ओळखायचं कोणी आणि कशावरून? आपल्याकडचे बरेच वनस्पतिशास्त्रज्ञ अजून फ्रेरियाच लिहितात. मीही तेच लिहिणार.

आता डॅलझेलच्या वर्णनानंतरची पाऊणशे वर्षं झपाट्याने ओलांडू या. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत चार्ल्स मॅक्कन नावाचा माणूस होता. जन्म कॅसलरॉकचा. पक्षी, गवतं, सरडे, काहीही त्याला चालायचं. त्याने 1940 मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात फ्रेरियावर दोन-तीन पानांचं टिपण लिहिलं आणि तिची ओळख करून दिली ती ‘फारशी माहीत नसलेली’ वनस्पती म्हणून. वर्णन छापून येऊन पंचाहत्तर वर्षं झाली होती. पुढे फादर सांतापाव आणि इराणी यांनी तिच्या, म्हणजे रुईच्या, कुळावर स्वतंत्र ग्रंथ केला. मग पुण्याचं भारतीय वनस्पती सर्वेक्षण, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आणि शिरवळजवळचं नवरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्र यांनी काम पुढे नेलं. शिरवळच्या केंद्राने रोपं वाढवून पुन्हा कड्यांवर लावली. कोल्हापुरात डॉ. एस. आर. यादव यांनी कंदीलपुष्पांचा जो संग्रह उभा केला, त्याला देशात तोड नाही.

आता डोंबिवली. घरी वाढवायला ही वनस्पती चक्क सोपी आहे, आणि खरी गंमत, खरी अडचणही, तिथेच आहे. खोडाचा तुकडा कापायचा, कापलेला भाग सावलीत काही दिवस सुकू द्यायचा आणि मुरूम, जाड वाळू, विटांचा चुरा नि थोडं पानखत अशा भरड मिश्रणात टेकवायचा. मुळं धरतात. युरोप-अमेरिकेत निवडुंगांचे शौकीन तिला खिडकीत वाढवतात. ठाणे-कल्याण पट्ट्यात धोका फक्त पावसाचा. कड्यावर पाणी पडतं आणि वाहून जातं. आपल्या कुंडीत ते थांबतं आणि मुळं कुजतात. म्हणून कुंडी उथळ, खाली भोकं भरपूर, आणि जून ते सप्टेंबर ती ग्रिलच्या पत्र्याखाली, जिथे उजेड येतो पण धार पडत नाही. हिवाळ्यात पानं गळाली की घरचे म्हणतात, मेली. ती मेलेली नसते, पाणी कमी करायचं. पिठ्या ढेकूण मात्र डोळ्यांत तेल घालून बघावा लागतो. तो खोडाच्या बेचक्यात लपतो.

फूल येतं. शेंग येत नाही. आणि शेंगेशिवाय सगळं लटकं आहे, कारण तुकड्यावरून वाढवलेली दहा रोपं म्हणजे एकच रोप दहा कुंड्यांत.

रुईच्या या कुळात पराग भुकटीसारखे सुटे नसतात. ते मेणचट पिशव्यांत बंद असतात आणि अशा दोन पिशव्या एका चिमट्याने जोडलेल्या असतात. फुलाच्या मधोमध बारीक फटी असतात. माशी आपली सोंड किंवा पायाचा केस फटीत घालते, वर ओढताना चिमटा अडकतो आणि जोडी उपसली जाते. पुढच्या फुलावर त्यातली एक पिशवी तशाच फटीत, नेमक्या बाजूने शिरून तुटायला हवी. उलटी शिरली तर कष्ट फुकट. हे काम माणसाने करायचं तर घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग, अणकुचीदार सुई आणि श्वास रोखून धरण्याची तयारी लागते. सुईचं टोक फटीत खालून वर सरकवायचं, चिमटा अडकला की अलगद उचलायचा, पिशवी सुटी करून दुसऱ्या झाडाच्या फुलाच्या फटीत बसवायची. कंदीलपुष्पात तर त्याआधी फुलाची नळी ब्लेडने उभी चिरावी लागते, कारण तिथे माशीला आत कोंडून ठेवायची व्यवस्था असते: खाली वळलेले केस, जे एक-दोन दिवसांनी सुकले की मगच कैदी सुटतो. जमलं तर जोडशेंगा धरतात, महिनोन्‌महिने झाडावर राहतात आणि तडकल्या की रेशमी शेपट्यांचं बी उडतं. शेंगेला आधीच पातळ मलमलीची पिशवी बांधावी, नाहीतर बी शेजारच्या सोसायटीत.

‘दुसऱ्या झाडाच्या’ हे दोन शब्द महत्त्वाचे. या कुळातल्या बहुतेकांत स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. एका शहरातली सगळी रोपं मुळात एकाच झाडाचे तुकडे असतील, तर कितीही माश्या आल्या, कितीही सुया घेतल्या, तरी शेंगेची आशा धरता येत नाही. शिवाय शिवनेरीचं झाड आणि दुसऱ्या गडावरचं झाड यांचा संकर झाला, तर ते बी खिडकीत शोभेल, पण कोणत्याच कड्यावर परत लावू नये. डाइक्सला ज्ञात ठिकाणच्या बियांवरून वाढवलेल्या रोपांचं महत्त्व कळलं होतं. आपल्याकडे रोपं हातोहात फिरतात, माहिती मागे राहते. कुंडीवर ‘दुर्मिळ’ लिहिलेलं असतं. कुठली, कधीची, कोणाकडून, हे नसतं. अशा रोपाला संवर्धन म्हणणं मला मान्य नाही. तो छंद आहे, निर्मळ छंद आहे, पण तेवढाच.

गडांवरची तिची संख्या घटण्याला चराई आणि वणवे ही कारणं आहेतच. त्यात मला अलीकडे दुर्गसंवर्धनाच्या उत्साहाचीही धास्ती वाटते. तटातून आलेला पिंपळ काढायलाच हवा, पण त्याच हाताने कड्यावरचं सगळं हिरवं खरवडलं जाऊ नये. मोहिमेत एक वनस्पती ओळखणारा माणूस असला तरी पुरे.

बी. एन. बांदोडकर, बिर्ला आणि पेंढरकर या ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकवलं जातं. त्यांच्यापैकी एकाने जरी एक नोंदवही उघडली, या पट्ट्यातल्या घरांमध्ये असलेल्या फ्रेरिया आणि कंदीलपुष्पांची, मूळ ठिकाणासह, तर हातपरागणासाठी जोड्या जुळवता येतील आणि मिळालेलं बी योग्य संस्थेकडे जाईल. वाचकांकडे मागणं एवढंच: गडावरून तुकडासुद्धा आणू नका. घरात रोप असेल तर ज्यांनी दिलं त्यांना आजच विचारा की त्यांना ते कुठून मिळालं, आणि ते ठिकाण पेन्सिलीने पट्टीवर लिहून कुंडीत खोचा. शाई पावसात जाते.