जादूचा ठोकळा कसा सुटला

सहा रंगांचा, बाजूबाजूनं फिरणारा तो ठोकळा तुम्ही मुलांच्या हाती पाहिला असेल. बिघडवायला त्याला पाच-दहा वळणं पुरतात. जुळवायला मात्र खुद्द बनवणाऱ्याला महिनाभर लागला, बरं का!

हे गृहस्थ म्हणजे हंगेरीतल्या बुडापेस्टचे एर्नो रुबिक. तिथल्या कलाशाळेत ते शिकवीत. १९७४ साली त्यांनी लाकडाचा ठोकळा केला, बाजूंना रंग दिले, चार-दोनदा फिरवला आणि परतीची वाट हरवली. ४३ वर अठरा शून्यं मांडा. त्याहूनही जास्त मांडण्या त्यात होतात. नुसतं फिरवत बसून काय होणार? आणि हा सुटतो म्हणून धीर द्यायला तेव्हा जगात दुसरं कोणी नव्हतं.

अडचण अशी, की एक तुकडा जागी आणावा तर आधी बसवलेले उठतात. रुबिकनी आठ कोपरे आधी बसवले. मग थोडेच तुकडे हलवणाऱ्या वळणांच्या मालिका शोधल्या. म्हणजे कशा? गुरुजींनी वर्गात करून दाखवावं. उजवी बाजू फिरवा, मग वरची. दोनच वळणं, पण १३ तुकडे बिघडले. आता उजवी उलटी फिरवा, मग वरचीही उलटी. चार वळणं झाली, तरी बिघडलेले तुकडे सातच! हीच चार वळणं एकूण सहा वेळा केली, तर ठोकळा होता तसा होतो.

पण हे दुसऱ्याला कळवायचं कसं? माझ्या मते खरी मजल इथं मारली गेली. लंडनचे गणिती डेव्हिड सिंगमास्टर यांना १९७८ साली हेलसिंकीच्या गणित परिषदेत हा ठोकळा मिळाला. त्यांनी रंगांची नावं सोडून दिली आणि पुढची, मागची, वरची, खालची, डावी, उजवी अशा सहा बाजूंना सहा अक्षरं दिली. उलट्या वळणाला अक्षराशेजारी बारीक रेघ. झालं! पाककृतीसारखी रीत कागदावर उतरली.

मग काय, पुस्तकं निघाली. १९८१ साली पॅट्रिक बॉसर्ट या इंग्रज शाळकरी मुलाचं पुस्तक आलं. त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. त्याच वर्षी मॉर्विन थिसलथ्वेट यांनी कोणतीही मांडणी ५२ वळणांत सोडवणारी रीत दिली. ती चार टप्प्यांची. पाठ करायला भलतीच अवघड. त्याहून कमी किती, याचा शोध पुढं जवळजवळ तीस वर्षं चालला. २० वळणं पुरतात हे २०१० साली संगणकांच्या मदतीनं सिद्ध झालं.