अनंत पिवळा का पडतो?

कोकणातल्या परसात अनंताचे फारसे लाड होत नाहीत. तरी तो माणसाच्या डोक्यावर जातो, बारा महिने हिरवागार राहतो आणि पावसाच्या तोंडावर पांढऱ्या फुलांनी भरून जातो. तोच अनंत घाटावर, पुण्या-नगरकडच्या अंगणात लावला की वर्ष-दोन वर्षांत रंग टाकतो. पाने पिवळी पडतात, वाढ खुंटते. घरची मंडळी मग शेणखत घालतात, पाणी वाढवतात, आणि झाड आणखीच मलूल होते.

हे दुखणे खताचे नसून बहुतेक वेळा मातीतल्या चुन्याचे असते. ते ओळखायला आधी पान नीट बघा. खालची, जुनी पाने सरसकट पिवळी पडून गळत असतील, तर नत्र कमी पडते आहे किंवा झाडाचे वय झालेले पान जाते आहे. पण शेंड्याचे कोवळे पान पिवळे आणि त्यावरच्या शिरा मात्र हिरव्या, अगदी जाळी काढल्यासारख्या, असे दिसले तर ती लोहाची कमतरता. लोह झाडात एकदा जिथे बसले तिथून सहसा हलत नाही. म्हणून जुनी पाने हिरवी राहतात आणि नवी उपाशी.

गंमत अशी की दख्खनची काळी माती काळ्या कातळापासून झालेली, तिच्यात लोहाला तोटा नाही. पण तिचा सामू (पीएच) सात-आठच्या पुढे असतो आणि त्या मातीत लोह विरघळत नाही, त्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही. अनंत मूळचा दक्षिण चीन, जपानकडचा, कॉफीच्या कुळातला. त्याला पाच ते सहा सामूची आम्लधर्मी माती लागते. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत ती आयती मिळते.

घरच्या घरी एक साधी परीक्षा करा. वाळलेली चमचाभर माती वाटीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर ओता. बुडबुडे येऊन माती फसफसली, तर तिच्यात चुनखडी भरपूर आहे. बांधकामाचा राडारोडा पुरलेल्या नव्या सोसायट्यांच्या वाफ्यांत आणि प्लास्टरच्या भिंतीलगत हे हमखास दिसते. अशा जागी अनंत जमिनीत लावण्याचा हट्ट धरू नये. चौदा इंची कुंडी घ्या, तिला खाली मोठी भोके असू द्या. लाल माती, पालापाचोळ्याचे मुरलेले खत आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात मिसळून भरा. चुलीची राख आणि अंड्याची टरफले अनंताच्या मुळाशी कधीही टाकू नका. दोन्हींमुळे सामू वाढतो.

पाण्याचेही तेच. बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी महिनोन्‌महिने घातले की चांगल्या मातीतही क्षार साठतात. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागला की समजावे. पावसाचे पाणी पिंपात साठवून अनंतासाठी राखून ठेवणे यासारखा उपाय नाही.

झाड आधीच पिवळे पडले असेल, तर हिराकस म्हणजे फेरस सल्फेट कृषी सेवा केंद्रात मिळते. लिटरभर पाण्यात तीन ग्रॅम हिराकस, थोडा लिंबाचा रस, आणि लगेच संध्याकाळी पानांवर फवारणी. द्रावण शिळे झाले की निकामी होते, आणि फरशीवर पडले की तांबडे डाग राहतात. फवारणीने पाने हिरवी होतात खरी, पण माती बदलली नाही तर नव्या फुटीला पुन्हा तेच.

कळ्या गळण्याची कारणे वेगळी. कळी धरल्यावर कुंडी जागची हलवणे, एक दिवस कोरडी आणि दुसऱ्या दिवशी चिखल अशी पाण्याची धरसोड, एप्रिल-मेची दुपारची झळ. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा एकदाच ठरवा आणि मुळाशी पाल्याचे आच्छादन करा. पानाच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले, खोडावर मुंग्यांची रांग असली, तर तो पिठ्या ढेकूण. आधी पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, मग कडुनिंबाचे तेल आणि किंचित साबण पाण्यात घोळून फवारा.

आपल्याकडच्या दुहेरी पाकळ्यांच्या अनंताला सहसा फळ धरत नाही, त्यामुळे बियांची वाट पाहू नका. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढ्या फांदीची इंचभर साल गोल काढून ओल्या शेवाळाची गुटी बांधा. गुटीला साधारण दोन महिन्यांत मुळ्या दिसतात.

छाटणी मात्र फुलांचा बहर ओसरताच, पावसाळ्यातच उरका. पुढच्या बहराच्या कळ्या हिवाळ्याच्या थंड रात्रींत धरू लागतात. दिवाळीनंतर कात्री लावली, तर त्या बहराची फुले गेली म्हणून समजा.