उसण की सायटिका? लाथ खाण्याआधी एवढं वाचा

कास्तकार बंधूंनो, सोयाबीनचं पोतं उचलताना कंबरेत कट्ट झालं आणि माणूस वाकला तो वाकलाच, असं आपल्या महागाव तालुक्यात कोणत्या गावी होत नाही? घरची म्हातारी लगेच सांगते, 'उसण भरली, पायाळूला बोलवा.' जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्यानं कंबरेवर लाथ मारली की उसण उतरते, असा समज महाराष्ट्रात जुना आहे. गंमत म्हणजे पुष्कळांची उतरतेही. उसण म्हणजे बहुधा आखडलेले स्नायू. ते आठ-पंधरा दिवसांत आपणहून सैल होतात, श्रेय मात्र पायाळू घेऊन जातो.

पण कळ कंबरेत न थांबता कुल्ल्यातून, मांडीच्या मागून, पोटरीतून पावलापर्यंत उतरत असेल, मुंग्या येत असतील, खोकलं-शिंकलं की पायात चमक जात असेल, तर ती साधी उसण समजू नका. ती बहुधा सायटिका. आयुर्वेदात हिलाच गृध्रसी म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड. रोगी गिधाडासारखा लंगडत चालतो म्हणून हे नाव, असं सांगतात.

नस दबते कशी?

कंबरेच्या मणक्यांतून निघालेली मुळं एकत्र येऊन ही नस बनते. शरीरातली सर्वांत जाड नस हीच. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते, बाहेरून चिवट आणि आत मऊ. गादी फाटली की आतला मऊ भाग बाहेर येतो आणि नसेच्या मुळाला टेकतो. दुखणं गादीत, बोंब पायात! बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी १९३४ साली हे दाखवून दिलं.

आता आपली कामं बघा. सोळा लिटरचा फवारणी पंप भरला की नुसतं पाणीच १६ किलो, पंपाचं वजन वेगळं. कापूस वेचणाऱ्या बाया कंबरेला ओटी बांधून दिवसभर वाकलेल्या. ट्रॅक्टरवाल्याच्या कंबरेला धक्के. त्यात वाकलेल्या स्थितीत कंबर पिळून वजन उचलणं सर्वांत वाईट.

'कट्ट' आवाजाची जादू

हल्ली मोबाईलवर मणके 'कट्ट' वाजवून दुखणं घालवणारे खूप दिसतात. पोरं ते बघून घरच्याच पाठीवर प्रयोग करतात. त्या विद्येचं नाव कायरोप्रॅक्टिक. अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर नावाच्या गृहस्थानं १८९५ साली ती सुरू केली. त्याचा पहिला रोगी कंबरेचा नव्हताच, तो कानानं कमी ऐकणारा होता! मणका सरकल्यानं बहुतेक रोग होतात, हे पामरचं म्हणणं आजचं वैद्यकशास्त्र मानत नाही. आणि तो आवाज? सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होते त्याचा. हाड जागेवर बसल्याचा नव्हे, अन् गादी आत गेल्याचा तर नव्हेच.

म्हणून सगळंच थोतांड म्हणावं का? तसंही नाही. शिकलेल्या हातानं केलेल्या उपचारानं कंबरदुखीत काहींना थोडे दिवस आराम पडतो. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं २०१६ च्या मार्गदर्शिकेत असे हाताचे उपचार चालतील म्हटलं, पण फक्त व्यायामाच्या जोडीला. कंबरपट्टा आणि वजन लावून ओढणं या दोन्हींची शिफारस मात्र तिनं केली नाही. आपल्याकडे पट्टा बांधून वावरात जाणारे किती तरी आहेत, त्यांनी याची नोंद घ्यावी.

लाथ कोणाला महागात पडते?

मणक्याला क्षय होतो, बरं का. क्षय फक्त फुप्फुसाचा असतो असं नाही. रोज संध्याकाळी बारीक ताप, वजन घटतंय, रात्रीही कंबर ठणकते, अशा माणसाच्या पोखरलेल्या मणक्यावर लाथ किंवा झटका बसला तर पाय कायमचे जाऊ शकतात. म्हाताऱ्या बायांची हाडं ठिसूळ असतात, त्यांनाही हे प्रयोग नकोत.

आणखी एक प्रकार यापेक्षा घाईचा. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली, दोन्ही पायांतली ताकद चालली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, ॲम्ब्युलन्सचे पैसे लागत नाहीत. अशा रोग्याचं ऑपरेशन साधारण एक-दोन दिवसांच्या आत व्हावं लागतं. पुसदला उपजिल्हा रुग्णालय आहे, यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. कुठं न्यायचं ते डॉक्टर सांगतील, पण फोनवर लक्षणं नीट सांगा. 'कंबर दुखते' एवढंच म्हटलं तर निकड कळत नाही. चालताना पंजा उचलत नसेल, चप्पल निसटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बाकीच्यांनी घाबरू नये. सायटिकाचे बहुसंख्य रोगी सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय सुधारतात. बाहेर आलेली गादी पुष्कळदा आपणहून आक्रसते. खाटेवर पडून राहणं मात्र औषध नव्हे. एक-दोन दिवस ठीक, मग सोसेल तेवढं चाला. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा समजून घ्या. साध्या एक्स-रेत नस दिसत नाही, तेव्हा पहिल्याच दिवशी फोटोसाठी अडून बसू नका. बाजारातली विनानावाची पुडी तर घेऊच नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. चार दिवस छान वाटतं, पुढं साखर वाढते, हाडं पोकळ होतात.

फवारणीच्या दिवसांत सहा आठवडे कोण थांबणार, हे तुमचं म्हणणं खरं आहे. निदान पंप अर्धाच भरा आणि धुऱ्याच्या उंच जागेवर ठेवून पाठीवर घ्या, जमिनीवरून झटक्यानं उचलू नका. पोतं दोघांनी उचला. शेजाऱ्याशी कामाची अदलाबदल करा, आपल्याकडे ती रीत अजून मोडलेली नाही.

सरपंच आणि पोलीस पाटलांना एक विनंती. वरची घाईची लक्षणं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवा, आशाताईंकडून बायांच्या कानावर घाला. लघवी अडल्याचं बाई माणूस घरातही लवकर सांगत नाही. ऑपरेशन ठरलंच तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ते बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला आधी विचारा. जाताना रेशन कार्ड आणि आधार सोबत असू द्या.