साक्षीदाराची उलटतपासणी

इतिहासाच्या विद्यार्थ्याला साधनचिकित्सा नवी नाही. एकच साक्षीदार दोन वेळा दोन निरनिराळ्या हकिकती सांगू लागला, तर त्याच्यावर विसंबता येत नाही. संगणकक्षेत्रात गेलेले आपले माजी विद्यार्थी ज्या डीबगरच्या आधारे प्रोग्रॅममधील चूक शोधतात, त्यालाही हाच नियम लागू पडतो.

एक फंक्शन दुसऱ्याला बोलावते, दुसरे तिसऱ्याला. प्रत्येकाची नोंद ‘फ्रेम’ म्हणून स्टॅकवर राहते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेल्या जीडीबी या डीबगरमध्ये सर्वांत आतल्या फ्रेमचा क्रमांक ० असतो. यादी चुकली, तर निर्दोष फंक्शनवर ठपका येतो आणि खरा दोषी मोकळा राहतो.

समजा, मुख्य फंक्शनने ३ चे फॅक्टोरियल मागितले. ते काढणारे फंक्शन स्वतःलाच २ साठी व मग १ साठी बोलावते. १ पाशी थांबल्यास यादीत ० ते ३ अशा चार फ्रेम हव्यात. दोन पायऱ्या वर जावे, तेथे किंमत ३ दिसावी. खाली येऊन यादी पुन्हा मागवावी, ती तीच यावी. आतले फंक्शन परतले की २ ची फ्रेम शून्य क्रमांकावर येते. क्रमांक बदलला, फ्रेम तीच! म्हणून जीडीबी फ्रेमची ओळख स्टॅकवरील पत्ता व फंक्शनच्या आरंभाचा पत्ता यांवरून ठेवतो. (केवळ क्रमांकावरून ओळख ठरवण्यातील धोका हजेरीपट भरणाऱ्या शिक्षकांना सांगणे नलगे.)

या चाचण्या डेजाग्नू या साधनाने चालतात. ते माणसाप्रमाणे आदेश देते आणि आलेले उत्तर अपेक्षित मजकुराशी ताडून पाहते.