पाटणचा मठ आणि पळीभर तेल

भास्कराचार्यांचे नाव घेतले की आपणांस गणित आठवते, ग्रहांची गती आठवते. परंतु त्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी आपल्या खानदेशात एक मठ निघाला होता आणि त्याच्या उत्पन्नाच्या बाबी दगडावर कोरल्या होत्या, हे थोड्यांच्याच ध्यानी असते.

चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, डोंगराच्या पायथ्याशी पाटणे हे ठिकाण आहे. आज तेथे रान आणि देवळे. आठशे वर्षांपूर्वी ती नांदती पेठ होती. तेथील भवानीच्या देवळातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी १८६५ साली प्रसिद्ध केला. देवगिरीचे यादव, त्यांचे मांडलिक निकुंभ आणि भास्कराचार्यांचे घराणे यांच्या वंशावळी त्यात आहेत. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण राजाचा ज्योतिषी. त्याने हा मठ स्थापिला आणि निकुंभ सोइदेवाने इ. स. १२०७ साली, चंद्रग्रहणाच्या पर्वावर, त्यास दान दिले.

इथवर सारे संस्कृतात आहे. दानाच्या बाबी आल्या की लेख मराठी बोलू लागतो. स्तुती राजाची होती, ती त्याला कळली म्हणजे झाले. वसुली पेठेतून व्हायची होती, ती पेठेला कळायला नको का? पेठेत माल विकला की गिऱ्हाइकाकडून सरकारात जाणारा कर मठास दिला. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. जितके घाणे चालतील, तितक्यांकडून पळी पळी तेल. माल मापावयाचा तो मठाच्याच मापाने; मापाईचा अर्धा हिस्सा मठाचा, अर्धा मापाऱ्याचा.

विद्यापीठे आणि धर्मपीठे जगभर अशीच उभी राहिली. जर्मनीत बोडनसे सरोवराच्या काठी कॉन्स्टन्स शहर आहे. तेथील बिशपची गादीही जमिनीच्या आणि पेठेच्या उत्पन्नावर पोसली गेली. मात्र तेथल्या व्यापाऱ्यांनी व कारागिरांनी एकजूट करून शहराचा कारभार हळूहळू आपल्या हाती घेतला. पुढे धर्मसुधारणेच्या लाटेत, १५२६ साली, बिशपला सरोवरापलीकडे मेर्सबुर्गला बिऱ्हाड हलवावे लागले.

पाटणच्या मठात विद्या वाढली, याचा आम्हांस अभिमानच आहे. पण दगडावर राजाचे नाव आले, ज्योतिष्याचे आले; घाणा हाकणाऱ्याचे आले नाही. त्याची पळी तेवढी आली. आजच्या शाळा-कॉलेजांतही अशा असंख्य पळ्या ओतल्या जातात. म्हणून हमालाचे, तेल्याचे, मापाड्याचे पोर वर्गात येऊन बसते तेव्हा त्याच्यावर कोणी उपकार करीत नाही. त्याच्या घरची पळी तेथे आधीच पोचलेली असते.