साखर घसरली की पांढऱ्या पेशीही खवळतात

भूमचा खवा आणि कुंथलगिरीचा पेढा सगळ्यांना ठाऊक आहे. मधुमेह म्हटला की आपल्या घरांत बोलणं ‘गोड बंद’ इथेच थांबतं. साखर वाढण्याची धास्ती सगळ्यांना असते, ती घसरण्याची फारशी कुणाला नसते. रमजानमध्ये मात्र इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांना धोका याच बाजूने येतो. २००१ साली भारतासह १३ देशांतल्या मधुमेही मुस्लिमांची पाहणी झाली. टाइप २ मधुमेह असणाऱ्यांत साखर गंभीरपणे घसरण्याचं प्रमाण रमजानमध्ये साडेसात पट वाढलेलं दिसलं.

साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, छातीत धडधड सुरू होते. हे अ‍ॅड्रेनलिनचं काम. रक्तात या संप्रेरकाची लाट आली की रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या पांढऱ्या पेशी सुटून प्रवाहात येतात. आधी लिम्फोसाइट वाढतात, काही तासांनी न्यूट्रोफिल. म्हणून अशा वेळी केलेल्या तपासणीत पेशींचा आकडा जंतुसंसर्ग नसतानाही जास्त दिसू शकतो. डॉक्टरांना रिपोर्ट दाखवताना ‘साखर उतरली होती’ हे जरूर सांगा.

पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. शत्रू नसताना त्या खवळल्या तर रक्तवाहिन्यांना सूज आणणारी द्रव्यं वाढतात. नेदरलँड्समधल्या संशोधकांना साखर पूर्ववत झाल्यावरही या बदलांच्या खुणा आठवडाभर आढळल्या. साखर पुन्हा पुन्हा घसरणाऱ्यांत हृदयविकार अधिक दिसतो, त्यामागे हेही एक कारण असावं, असं तज्ज्ञ मानतात. थोडक्यात, चक्कर थांबली म्हणजे सगळं निभावलं असं नाही.

मग करायचं काय? रमजानच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरांना भेटून औषधाची मात्रा आणि वेळ ठरवून घ्या. सहरी चुकवू नका. दुपारी आणि इफ्तारपूर्वी साखर तपासा. बोटातून थेंबभर रक्त काढल्याने रोजा तुटत नाही, असं उलेमा सांगतात. साखर ७० च्या खाली गेली तर मगरिबला दहा मिनिटं उरली असली तरी रोजा सोडा. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अशा वेळी पेढा कामाचा नाही. खव्यातल्या स्निग्धांशामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा उतरते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

घरातल्या वडीलधाऱ्यांना रोजा सोडणं जिवावर येतं. त्यांना सूरह बकराची आठवण द्या. आजाऱ्याने राहिलेले रोजे इतर दिवसांत पूर्ण करावेत, ज्याला ते झेपतच नाहीत त्याने फिदिया द्यावा, ही सवलत खुद्द अल्लाह तआलाने दिली आहे. ती घेण्यात कमीपणा कसला?