जपानी चित्रपटांतील शाळकरी टोळ्या

काळे गळाबंद कोट घातलेली मुले शाळेच्या पटांगणात एकमेकांवर तुटून पडत आहेत, असे जपानी चित्रपट मोबाइलवर पाहणारे आपल्या ऊर्जानगरात पुष्कळ असतील. शेजारून जाणारे वडील क्षणभर थबकतात आणि विचारतात, "ही शाळा आहे की आखाडा?" प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर रागावून देण्यापेक्षा ह्या चित्रपटांची घडण समजून घेऊन दिलेले बरे.

जपानात सक्तीचे शिक्षण नऊ वर्षांचे असते. पुढील शाळेत जावयाचे तर प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, आणि गुणांप्रमाणे मुलांची तशी शाळांचीही उतरंड लागते. जो मुलगा अगदी तळच्या शाळेत पडला, त्याची किंमत पंधराव्या वर्षीच ठरून गेली असे त्याला वाटू लागते. १९८०च्या सुमारास तेथील शाळांतील हिंसाचार हा साऱ्या देशाच्या चिंतेचा विषय झाला होता. त्याच काळात, १९८३ मध्ये, काझुहिरो किउची यांची 'बी-बॉप हायस्कूल' ही चित्रकथा सुरू झाली व १९८५ मध्ये तिचा चित्रपट निघाला. पुढे हिरोशी ताकाहाशी यांनी १९९० ते १९९८ ह्या काळात 'क्रोज', म्हणजे 'कावळे', ही चित्रकथा लिहिली. तिच्या आधाराने ताकाशी मिइके यांनी २००७ साली 'क्रोज झीरो' काढला. दुसरा भाग २००९ मध्ये आला.

ह्या कथेतील सुझुरान ही तसलीच तळची शाळा. गेंजी ताकिया नावाचा मुलगा तेथे दाखल होतो. त्याचा बाप गुन्हेगारी टोळीचा म्होरक्या आहे. आजवर कोणालाच न जमलेले काम कर, सारी शाळा एका मुठीत आण, मग माझी गादी तुझी, अशी त्याची बोली! गेंजी एकेक वर्ग आपल्या बाजूस वळवितो आणि शेवटी सेरिझावा ह्या प्रतिस्पर्ध्याशी भर पावसात त्याची झुंज होते. दुसऱ्या भागात होसेन शाळेची मुंडण केलेली फौज चालून येते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही टोळी हुबेहूब शाळेसारखीच आहे. तीत वरचे वर्ग आहेत, खालचे वर्ग आहेत, पहिला क्रमांक आहे आणि त्यासाठी जिवापाड चुरस आहे. परीक्षेच्या उतरंडीत ज्यांस जागा मिळाली नाही, त्यांनी मुठींची दुसरी उतरंड रचली, इतकेच. गणवेशाचेही तसेच. युरोपातील लष्करी पोशाखावरून घेतलेला 'गाकुरान' कोट ही मुले लांब करून घेतात, विजारी फुगवून घेतात. (गणवेशाची पँट शिंप्याकडून घट्ट करून आणणारे वीर आपल्याकडेही आहेतच!) "हा आमचा आहे" असे कोणीतरी म्हणावे, ही भूक खरी आहे, आणि मुले ह्या चित्रपटांस भुलतात ती माझ्या मते मारामारीपेक्षा ह्या भुकेमुळेच.

मार मात्र खोटा असतो. ठोसा गालाजवळून निघून जातो, मधले अंतर कॅमेऱ्यास दिसू नये अशी जागा धरलेली असते, आणि 'धप्' हा आवाज मागाहून भरतात. वीस तडाखे खाऊन नायक उठून हसतो. प्रत्यक्षात डोक्यावरील एकाच आघाताने कवटीच्या आत रक्तस्राव होऊ शकतो. कधी कधी मुलगा घरी चालत येतो, जेवतो, आणि काही तासांनी बेशुद्ध पडतो. त्या चित्रपटांत शिक्षक जवळजवळ दिसत नाहीत. फुटलेले नाक पुसणारी आईही फारशी आढळत नाही. कायदाही दूरच राहतो. आपल्याकडे २०१५च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे सोळा वर्षांवरील मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्यास त्याला प्रौढाप्रमाणे न्यायालयात उभे करता येते.

टोळीची हीच भूक, पण हिशेब न लपविता, आपल्या जवळच्या नागपुरात मांडली गेली आहे. हिस्लॉप कॉलेजातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांस फुटबॉलकडे वळविले आणि २००१ साली त्यातून 'स्लम सॉकर' उभे राहिले. त्यांच्या कार्यावर नागराज मंजुळे यांनी 'झुंड' हा हिंदी चित्रपट काढला. तो ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. त्यातील शिक्षकाचे काम अमिताभ बच्चन यांनी केले आहे.

त्यात वस्ती आणि कॉलेज यांच्यामध्ये भिंत आहे. अलीकडे 'डॉन' म्हणून मिरविणारा अंकुश व त्याचे सोबती, पलीकडे नीटनेटके खेळाडू. वैर आहे, मारामारीही आहे. परंतु परदेशी खेळावयास जाण्याची वेळ येते तेव्हा पासपोर्टासाठी पोलिसांची तपासणी होते, आणि जुन्या भांडणाचा खटला अंकुशच्या आड येतो. गेंजीला असला कागद कधी भरावा लागला नाही! अंकुशसाठी त्याच्या शिक्षकाला न्यायाधीशासमोर उभे राहून बोलावे लागते.

अंकुशचे काम करणारे अंकुश गेडाम हे नागपूरचेच; ह्या भूमिकेसाठी त्यांना २०२३ मध्ये पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. चित्रपट जवळजवळ तीन तासांचा आहे, तेव्हा पालकांनी तो सुट्टीच्या दिवशी मुलांसमवेत बसून पाहावा, आणि वाटल्यास त्याच आठवड्यात मुलांचा तो जपानी चित्रपटही त्यांच्याजवळ बसून पाहावा.